योगेशची पहिली लेव्हल

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टींचा साठा कधी संपला नाही: बग आणि किस्से. बग निदान सापडला की लिहून ठेवावा लागायचा, तो कुणाच्या गळ्यात मारायचा यावर भांडण व्हायचं, आणि मग तो एकदाचा मरायचा. किश्शांचं तसं नाही. ते कुणी लिहिले नाहीत आणि कुणी मिटवलेही नाहीत. कँटीनमध्ये, जिन्यात, सबमिशनच्या रांगेत ते नुसते साचत गेले. गेम डिझाइनचा कोर्स संपला, सगळे पांगले. जिनल पुण्याला एका स्टुडिओत लागली, मी सुरतेतच आहे. फोनवर बोलताना आम्ही अजूनही पारेख सरांच्या किश्शाने सुरुवात करतो आणि कितीही वळणं घेतली तरी शेवटी योगेशपाशी येऊन थांबतो. मग कुणीतरी म्हणतं, चल, ठेवते.

योगेश म्हणजे आमच्या टीममधला तिसरा. जिनल कोड लिहायची, मी चित्रं काढायचे आणि योगेश लेव्हल बनवायचा. खेळणारा कुठून निघेल, कुठे अडेल, कुठे पडेल, हे सगळं तो ठरवायचा. शेवटच्या वर्षी तो गेला. त्याच्या आईने मला नंतर विचारलं, तो रोज तिथे जाऊन नेमकं काय करायचा? प्रश्न साधा होता आणि तिला कळेल असं उत्तर मला देता आलं नाही. मला, जिला घरीदारी सगळे 'जरा गप्प बस' म्हणून सांगत असतात! तेव्हापासून हे किस्से मी मनातल्या मनात तिलाच सांगत असते.

*

सुरुवात घरच्या शहाण्यांपासून करावी लागते.

बाबा बँकेत. अकोल्याहून बदली होऊन सुरतेला आले, अडाजणला फ्लॅट घेतला आणि इथलेच झाले. मुलीने बारावीनंतर गेम डिझाइन घेतलंय, हे त्यांनी नातेवाइकांना कळूच दिलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "कॉम्प्युटरमध्ये आहे." जणू मी कॉम्प्युटरच्या आत राहते.

अकोल्यात एका लग्नात बिंग फुटलं. भर पंगतीत मोठ्या काकांनी विचारलं, "काय गं, चार वर्षं नुसतं गेम खेळायचं? आणि वर फी पण भरायची?" पंगत हसली. बाबाही हसले. मला काकांपेक्षा ते जास्त झोंबलं.

काकांच्या मुलाने हॉटेल मॅनेजमेंट केलेलं. मी म्हटलं, "काका, मग दादा तीन वर्षं नुसता जेवतच होता का?"

आता पंगत दुप्पट हसली. काकांनी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली ती बराच वेळ काढली नाही. बाबा सुरत येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

कॉलेजात हे सांगितलं तेव्हा योगेश हसून लोळला. मग म्हणाला, आमच्याकडे उलटं आहे. त्यांचं गाव धुळ्याकडचं, राहायला सुरतेतच लिंबायतला, वडील कापडाच्या लूमवर कामाला. वडील कुणाला काही सांगायचेच नाहीत. आई मात्र नळावर, किराणा दुकानात, कुणी विचारो न विचारो, सांगून मोकळी व्हायची, "मना पोऱ्या गेम बनाडस." बायका विचारायच्या, बनवतो म्हणजे काय करतो गं? ते तिला माहीत नव्हतं. मग बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

"मग तू सांग ना तिला," मी म्हटलं.

"एक पूर्ण तर होऊ दे. दाखवतोच."

*

पारेख सर आमचे मुख्य मास्तर. पन्नाशी उलटलेली, शर्टाच्या खिशात दोन पेनं, सगळी हयात टेक्स्टाइल डिझाइन शिकवण्यात गेलेली. आमचा कोर्स नवा निघाला, शिकवायला माणूस मिळेना, म्हणून त्यांना इकडे ढकललं होतं.

पहिल्या दिवशी आम्ही ऐटीत लॅपटॉप उघडून बसलो. सरांनी सगळे बंद करायला लावले. महिनाभर कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. कागद, पुठ्ठा, कात्री आणि फासे, बस. मी जिनलला म्हटलं, यांना स्वतःला येत नाही म्हणून आपल्याला बालवाडीत बसवतायत. जरा मोठ्यानेच म्हटलं. सरांनी ऐकलं आणि मला कात्री आणून दिली.

योगेश दुसऱ्या दिवशी साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे घेऊन आला. त्यावर त्याने रिंग रोडचं कापड मार्केट काढलं: बोळ, जिने, बंद पडलेली लिफ्ट. खेळणारा म्हणजे हमाल. टेम्पोतला साड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावरच्या दुकानात पोचवायचा. सर खेळायला बसले. दर वेळी जिन्याच्या त्याच एका वळणावर वरून दुसरा हमाल यायचा आणि सरांचा गठ्ठा खाली पडायचा. पुन्हा टेम्पोपासून सुरुवात.

शेवटी सर वैतागले. म्हणाले, याला गेम म्हणत नाहीत. दोघांतला एक पडणारच असेल तर खेळणाऱ्याने करायचं काय? जिना रुंद कर.

योगेश म्हणाला, "सर, तो जिना तेवढाच आहे."

सरांनी फासे खाली ठेवले. मार्क किती दिले ते आता आठवत नाही, पण जिना रुंद करायला त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही.

*

आमच्या धंद्यात एक सोवळं आहे, त्याला प्लेटेस्ट म्हणतात.

ज्याने गेम कधी पाहिलेला नाही अशा माणसाला खेळायला बसवायचं. ज्याने तो बनवला त्याने मागे उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. दाखवायचं नाही, सुचवायचं नाही, सुस्कारासुद्धा टाकायचा नाही. समोरचा माणूस भिंतीवर डोकं आपटत बसला तरी. सरांचं म्हणणं, गेम लोकांच्या घरी गेल्यावर तू प्रत्येकाच्या मागे जाऊन उभी राहणार आहेस का? खेळणारा कधी चुकत नसतो. तो जे करतो, तेच त्याचं खेळणं.

हे सोवळं मला काही पाळता येईना. मी 'अहो, तिकडे' म्हणून जायचेच. तेव्हा सरांनी उपाय काढला. प्लेटेस्ट सुरू झाली की मी तोंडात पाण्याचा घोट धरायचा आणि खेळ संपेपर्यंत गिळायचा नाही.

एकदा आमचे एचओडी साहेब स्वतः खेळायला आले. गेम सोपा होता. घरातून पळालेलं मांजर शोधायचं. साहेबांचा स्क्रीनवरचा माणूस पहिल्याच मिनिटाला कुंडीमागे अडकला. ते त्याला भिंतीत चालवत राहिले. चालवता चालवता आम्हाला सांगत होते की आजच्या पिढीत चिकाटी नाही, आम्ही तुमच्या वयाचे होतो तेव्हा वगैरे. स्क्रीनवर माणूस जागच्या जागी पाय हलवत होता आणि मांजर त्याच्या मागे बसून अंग चाटत होतं.

माझे गाल फुगलेले. मी शपथेवर सांगते, मी धरलं असतं. पण योगेशने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने, साहेबांच्या माणसासारखे, जागच्या जागी पाय हलवायला सुरुवात केली.

सगळं पाणी साहेबांच्या मानेवर आणि कॉलरवर.

साहेब ताडकन उठले. हे काय चाललंय, म्हणाले. पारेख सरांनी खिशातून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाले, "प्लेटेस्ट आहे, साहेब."

*

शेवटच्या वर्षीच्या गेमची कल्पना योगेशची. एक मुलगा सकाळी घरातून निघतो आणि त्याला परीक्षेच्या हॉलपर्यंत पोचायचं असतं, इतकंच. वाटेत त्याची गल्ली, लूमची शेडं, पाण्याचे टँकर, कुत्री, रिक्षा, आणि शेवटी कापड रंगवायची एक मोठी डाइंग मिल, जिच्यातून वाट काढावी लागते. जिनलला आधी पटेना. तिला ड्रॅगन हवा होता. योगेश म्हणाला, सकाळच्या वेळची लिंबायतची रिक्षा बघ, मग ड्रॅगनचं बोलू.

त्याचा एक हट्ट होता. गल्लीची रुंदी गेममध्ये खरी हवी. म्हणून तो मोजपट्टी घेऊन गल्लीगल्लीत फिरायला लागला. मी दुसरं टोक धरायला. ओट्यापासून गटारापर्यंत, गटारापासून समोरच्या पायरीपर्यंत. मोजायचं, फोनमध्ये टाकायचं, पुढे सरकायचं.

थोड्या वेळाने मागे बघितलं तर अर्धी गल्ली आमच्या मागून येत होती. एक काका पुढे झाले, मला 'मॅडम' म्हणाले, खुर्ची मागवली. दुसऱ्याने थम्सअप आणलं. मला वाटलं, चला, एकदाची आमच्या कोर्सला कुठेतरी किंमत मिळाली. मग एक म्हातारी आजी पुढे आल्या. त्यांनी योगेशचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, बाबा, माझा ओटा नको तोडू, माझे मालक त्याच्यावरच बसायचे.

सगळ्यांना आम्ही महानगरपालिकेतून आलोय असं वाटलं होतं!

मी सांगायला तोंड उघडलं, योगेशने माझ्या पायावर पाय दिला. त्याच्याच वस्तीच्या पलीकडची गल्ली ती. गेमसाठी मोजतोय म्हटलं असतं तर लोकांनी आम्हाला टँकरखाली घातलं असतं. त्याने मोजपट्टी खिशात घातली आणि आजींना म्हणाला, "आजी, तुमचा ओटा कुणी तोडत नाही."

आमच्या गेममध्ये तो ओटा आहे. त्याच्यामुळे वाट इतकी अरुंद होते की टँकर आला की खेळणाऱ्याला मागे फिरावं लागतं. जिनल म्हणाली, तो ओटा काढ, लेव्हल फारच कठीण होते आहे. योगेश म्हणाला, शब्द दिलाय.

*

पुढचं जे आहे तो किस्सा नाही. पण त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

गेमला आवाज हवे होते. लूमचा खडखडाट लिंबायतला दारातच मिळाला. टँकर, कुत्री, शाळेची घंटा, सगळं योगेशने फोनवर टिपलं. राहिला डाइंग मिलचा आवाज. त्याचा मामा सुरतेबाहेर पलसाण्याला एका मिलमध्ये कामाला. जिनल म्हणाली, नेटवर मशीनचे शंभर आवाज मिळतात, कशाला जातोस? तो म्हणाला, ते सगळे कुठल्या तरी दुसऱ्याच मशीनचे असतात.

एका रविवारी सकाळी मित्राची बाइक घेऊन निघाला. दुपारपर्यंत आवाज पाठवतो, असा मेसेज टाकला.

पलसाण्याला तो पोचलाच नाही. हायवेवर मागून टँकर आला. त्याची काही चूक नव्हती, पोलिसांनीही तसंच लिहिलं. आमच्या गेमची शेवटची लेव्हल अजून मुकी आहे. तिथे दुसरा कुठला आवाज घालायला आमच्यापैकी कुणाचा हात धजला नाही.

*

दहाव्याला मी, जिनल आणि पारेख सर लिंबायतला गेलो. गल्लीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. गावाकडची वडीलधारी मंडळी आलेली. त्यांत एक अण्णा होते, योगेशच्या वडिलांचे चुलते. सगळ्यांना समजावून सांगत होते की पोरगं गेमपायी गेलं. मोबाइलवर गेम खेळत खेळत गाडी चालवत होतं, दुसरं काय. शेजारच्याने मान डोलावली आणि आपल्याकडून भर घातली की रात्र रात्र खेळायचा म्हणे. तिसऱ्याने सांगितलं की डोळे गेले होते त्याचे, म्हणून टँकर दिसला नाही.

टँकर मागून आला होता.

जिनलने माझा हात धरला होता, तो मी सोडवला. उभी राहिले आणि म्हणाले, "अण्णा, तो हेल्मेट घालून, दोन्ही हात हँडलवर ठेवून चालला होता. तुम्ही त्याला कधी गेम खेळताना पाहिलंय? एकदा तरी?"

अण्णांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या प्रश्नाशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

"पोरी, तू कोणाची?"

"मी त्याच्या टीमची."

दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकाने हळूच विचारलं, "क्रिकेटची का?"

मला आतून बोलावणं आलं. मावशी, म्हणजे योगेशची आई, भिंतीला टेकून बसलेली. तिने मला जवळ बसवलं. बाहेरचं सगळं तिने ऐकलं असणार, खोली केवढीशी ती. आवाज बसला होता तिचा. "बेटा," ती म्हणाली, "तो तठे काय करे?"

मी सांगायला लागले. लेव्हल म्हणजे काय, अडथळा कुठे ठेवायचा, खेळणाऱ्याला कंटाळा येऊ नये आणि त्याने हारही मानू नये असं सगळं कसं जुळवायचं. मी भरभर बोलत होते, अर्धे शब्द इंग्रजी. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी थांबल्यावर तिने विचारलं, म्हणजे खेळच ना?

"हो मावशी. खेळच."

तिने मान हलवली. बाहेरच्यांचं खरं निघाल्यासारखी.

परतताना रिक्षात मी अण्णांना, त्या शेजाऱ्याला, माझ्या अकोल्याच्या काकांना, एकूण सगळ्या म्हाताऱ्यांना शिव्या घातल्या. पारेख सर पुढे रिक्षावाल्याशेजारी अवघडून बसले होते. तेही म्हातारेच होते, पण त्या वेळी माझ्या ते लक्षात आलं नाही. उतरताना ते एवढंच म्हणाले, "तिला सांगून कळणार नाही. गेम पूर्ण करा आणि तिला बोलवा."

*

गेम पूर्ण झाला. तोवर वर्षाअखेरचं प्रदर्शन आलं. पालक येणार, ट्रस्टी येणार. एचओडी साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. पुढ्यात चहा ठेवला, तेव्हाच मला शंका आली.

योगेशचं नाव श्रेयनामावलीतून काढा, म्हणाले. एक तर तो आता विद्यार्थी नाही, नियमात बसत नाही. दुसरं म्हणजे लोक विचारतील कोण हा, मग अपघात निघणार, मग गेमसाठी गेला होता हे निघणार. नव्या ॲडमिशनचे दिवस आहेत. खाली एक 'स्मरणार्थ' टाका हवं तर, पण नाव नको.

मी म्हटलं, "नाव न घालता कुणाच्या स्मरणार्थ, साहेब?"

ते म्हणाले, तुझ्या भावना मी समजू शकतो. हे वाक्य वडीलधाऱ्यांनी एकदा टाकलं की पुढे बोलायची सोय नसते. पारेख सर शेजारच्या खुर्चीत पेनाचं टोपण उघडमीट करत बसले होते. बाहेर आल्यावर मी त्यांना तोंडावर सांगितलं, सर, तुम्ही नुसते बसून राहिलात. ते "हं" म्हणाले आणि वर्गावर गेले.

जिनल भांडत नाही. जिनल कोड लिहिते.

प्रदर्शनाच्या आधी साहेब तपासणीला आले. नाव काढलं का? आम्ही म्हटलं, तुमच्यासमोर काढतो. काढलं. गेम सुरू केला. स्क्रीन काळी झाली आणि गेम बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. जिनलने नाव परत घातलं. गेम छान उघडला. काढलं, बंद. घातलं, चालू. साहेब चष्मा काढून बघायला लागले. जिनल त्यांना तिच्या गोड गुजरातीत सांगत होती की काय करणार साहेब, सगळं त्याच्याच लेव्हलवर उभं आहे, आता हात लावायची भीती वाटते.

साहेब पारेख सरांकडे वळले. तुम्ही जरा बघा.

सरांनी खुर्ची ओढली आणि कोड वाचायला घेतला. जिनलने काही लपवलंसुद्धा नव्हतं. चार ओळी होत्या: योगेशचं नाव शोध, नाही सापडलं तर बंद हो. सरांचं बोट स्क्रीनवर त्या ओळींपाशी येऊन थांबलं.

सर उठले, खुर्ची परत जागेवर लावली.

"मी पाहिलं, साहेब. नाव काढलं तर सगळं पडेल."

*

प्रदर्शनाच्या दिवशी मावशीला मी स्वतः घेऊन आले. वडील शिफ्टवर होते. आले असते तरी आत आले नसते, असं ती म्हणाली. इस्त्रीची साडी, पायांत नव्या चपला. गेटपासून ती माझ्या दंडाला धरून चालत होती. हॉलमध्ये आमच्या टेबलासमोर रांग लागलेली. मी सरळ रांगेच्या पुढे जाऊन तिला बसवलं. कुणीतरी मागून कुरकुरलं, मी वळून पाहिल्यावर गप्प झालं.

हातात कंट्रोलर दिला. मोबाइल तिला वापरता येत होता, कंट्रोलर कधी हातात धरला नव्हता. मी दोनच गोष्टी सांगितल्या: हे फिरवलं की तो चालतो, हे दाबलं की जे समोर असेल ते करतो. मग मागे जाऊन जिनलजवळ उभी राहिले.

गेम सुरू झाला. पहिली लेव्हल म्हणजे योगेशची खोली. त्याने ती इंच-इंच मोजून केली होती: पत्र्याचं दार, मोरी, पाण्याचं निळं पिंप, गॅस, खाट. खाटेवर मुलगा झोपलेला. या खोलीत फारसं काही करायचं नसतं. खेळणाऱ्याचा हात बसावा एवढ्यासाठी ती आहे. दारावर एक पिवळा बाण उघडझाप करतो. लोक मुलाला उठवतात आणि थेट दारातून बाहेर गल्लीत जातात. खरा गेम तिथून पुढे. प्रदर्शनात तोवर जेवढे खेळले त्यांतलं कुणीही खोलीत रेंगाळलं नव्हतं.

मावशीने स्क्रीनकडे बराच वेळ नुसतं पाहिलं. मग बटण दाबलं. मुलगा उठून बसला.

तिने त्याला मोरीकडे नेलं. त्याने तोंड धुतलं. पिंपाकडे नेलं, पाणी प्यायला. गॅससमोर ताट होतं. त्यातली कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर मी काढलेली. गव्हाच्या पोळीसारखी दिसते म्हणून योगेशने माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतली होती. मावशीने बटण दाबलं. मुलगा खाली मांडी घालून बसला आणि जेवला.

दारावरचा बाण मोठा झाला. कुणी फार वेळ थांबलं की तो मोठा होतो आणि दूरवर शाळेची घंटा वाजते.

मावशीने मुलाला दाराकडे नेलं. दोन पावलं अलीकडे थांबवलं. मग वळवलं आणि परत ताटासमोर बसवलं. तो पुन्हा जेवला.

मागची रांग चुळबुळायला लागली. एचओडी साहेब एका ट्रस्टींना घेऊन येऊन उभे होते. ते पुढे वाकले, "बेन, दरवाजा..." पारेख सरांनी नुसता हात आडवा केला.

मावशीने मुलाला खाटेवर नेऊन झोपवलं. झोपवलेला मुलगा थोड्या वेळाने आपोआप उठतो. तो उठला. घंटा वाजत होती. बाण आता जवळजवळ दाराएवढा झाला होता, सगळी खोली त्याने पिवळी होत होती आणि विझत होती.

"बेटा," तिने विचारलं. मान वळवली नाही, एक बोट फक्त बाणाकडे केलं. "हाई बंद व्हस का?"

मी सरांकडे पाहिलं. ते स्क्रीनकडे बघत होते. जिनल पुढे झाली, मावशीच्या खांद्यावरून हात नेऊन कीबोर्डवरची एक की दाबली. टेस्टिंगसाठी ठेवलेली की ती, तिने सगळ्या खुणा आणि सूचना नाहीशा होतात. बाण गेला. घंटाही थांबली. दार नुसतं बंद दार राहिलं.

मावशीने चपला काढून खुर्चीखाली सारल्या, कंट्रोलर मांडीवर नीट घेतला आणि मुलाला ताटाकडे वळवलं.

रांगेतली माणसं एकेक करून दुसऱ्या टेबलांकडे गेली. त्या दिवशी आमचा गेम आणखी कुणी खेळलं नाही.